रुमालावर उतरलेला रंग

इजिप्तमधल्या दमनहूरच्या बाजारात लुत्फीकाकांच्या चष्म्याच्या दुकानात जेवढे आरसे होते, तेवढे न्हाव्याकडेही नव्हते. लावलेले गिऱ्हाइकांसाठी, बघायचे काकाच. समोरच्याच्या नाकावर फ्रेम बसवताना त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या आरशात जायची आणि हात मिशीवर. स्वतः मात्र चष्मा कधी लावला नाही. चष्म्याने माणूस म्हातारा दिसतो, असं चष्मे विकणाराच म्हणायचा.

केस-मिशी कुळकुळीत. तो काळा रंग कुठून येतो हे आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. काका तिसऱ्या मजल्यावरून दोरीने टोपली सोडायचे, खालचा औषधवाला तीत रंगाची डबी ठेवायचा आणि वर झाकायला कोथिंबिरीची जुडी. एकट्या विधुराला एवढी कोथिंबीर लागते कशाला, हे कुणी विचारलं नाही. माझ्या आईने एकदा चटणीसाठी मागितली, तेवढंच.

मग दुकानात इनसाफ आली. शिवणकाम करायची, सुईत दोरा ओवता येईना म्हणून चष्मा हवा होता. पहिल्या नवऱ्याने दुसरी बायको लपवली, म्हणून सोडून आलेली. काकांनी तिच्यासाठी लाल फ्रेम निवडायला तीन संध्याकाळी लावल्या. लग्नाची बोलणी झाली तेव्हा तिचा भाऊ बदावी तिचा एकच प्रश्न घेऊन आला.

"उस्ताद, राग मानू नका. बहीण म्हणते, मोठ्या गोष्टी मी बघून घेईन, लहान गोष्टीत खोटं नको. हे केस असेच आहेत का?"

"माझे वडील गेले तेव्हाही त्यांचे केस काळेच होते," काका म्हणाले.

ते खरंच होतं. वडील पस्तिसाव्या वर्षी गेले.

निकाह शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर, मशिदीत. मी साक्षीदार. सकाळी काकांनी घाईघाईत दोन हात जास्तच रंग लावला, वाळायला वेळ दिला नाही. वाटेत उभ्या प्रत्येक स्कूटरच्या आरशात वाकून बघत होते. "मिशी सरळ आहे ना रे? डावीकडे झुकली वाटते."

"काका, तुमची मानच झुकलीय."

मशिदीत बसलो आणि वीज गेली. पंखे थांबले. बायका वरच्या सज्ज्यात. काझीसाहेब कागद भरत होते, काका बैठक बदलत होते, कॉलर ओढत होते, कपाळ पुसत होते. कशाने पुसतायत हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

रिवाजाप्रमाणे काझीसाहेबांनी काकांचा आणि वधूच्या वतीने बसलेल्या बदावीचा हात एकमेकांत दिला, हातांवर घालायला पांढरा रुमाल मागितला. काकांनी कपाळ पुसलेलाच काढून दिला. काझींनी तो झटकून उलगडला. मधोमध काळं, पसरलेलं, कोळशाच्या दुकानातून आणल्यासारखं.

"हे काय, उस्ताद?" बदावी म्हणाला.

काकांनी डोळे बारीक केले. "काय आहे? पांढराच आहे की."

त्यांना खरंच दिसत नव्हतं. एक काळी धार कानावरून कॉलरकडे निघाली होती, तीही नाही. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. बदावीने हात सोडवला, रुमाल उचलला आणि सज्ज्याचा जिना चढला.

आम्ही बसून राहिलो. काझीसाहेब पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. काकांचा गुडघा सारखा हलत होता, मी हात ठेवून दाबला तर दुसरा हलायला लागला. "काय झालंय सांग ना," ते कुजबुजले. मी सांगितलं. त्यांचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

बदावी उतरला. एका हातात रुमाल, दुसऱ्यात इनसाफचा लाल फ्रेमचा चष्मा. "ती म्हणते, आधी हा लावा, मग रुमाल बघा. मग माझा जुना प्रश्न आहे, त्याचं उत्तर द्या. मोठ्याने."

काकांनी बायकी चष्मा नाकावर चढवला. रुमाल बघितला, बोटं बघितली. एकदा दाराकडेही बघितलं. मला वाटलं, उठतात आता.

"पांढरे आहेत," वर बघून ते म्हणाले. "चाळिशीपासून. मिशी त्याच्याही आधी. आणि वडील पस्तिसाव्या वर्षीच गेले."

बदावी जिन्याखाली मान वर करून उभा. वर बांगड्या वाजल्या.

मग इनसाफचाच आवाज आला. "दादा, हात दे त्यांना. आणि रुमाल माझा घ्या."

सज्ज्यावरून एक रुमाल तरंगत खाली आला. मागोमाग बायकांनी जिभा नाचवत आनंदाची अशी किलकारी ठोकली, की काझीसाहेबांनी डोळे वटारले.

आता काकांचे केस पांढरे आहेत आणि नाकावर चष्मा आहे. आरशापुढचा वेळ मात्र कमी झालेला नाही. उलट वाढलाय, कारण आता दिसतं. आणि कोथिंबीर आईला बाजारातून आणावी लागते.