नाझरकाकांचे पाच अर्ज

जगातले सगळे कागद उद्या जळून गेले, तरी परवा सकाळी आमचे नाझरकाका त्याबद्दलचा अर्ज चार प्रतींत घेऊन दारात उभे राहतील, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. जिल्हा न्यायालयात ते नाझर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कचेरी तेवढी घरी आणली. माझी आई गेली तेव्हा त्यांचं सांत्वनाचं पत्र आलं. वर 'विषय : आपल्या मातोश्रींचे निधन', खाली 'संदर्भ : आपला काल सायंकाळचा फोन'. त्या दुःखातही मला हसू फुटलं, आणि पुढचा मजकूर वाचून रडूही आलं, इतका तो मायेचा होता. बीड बायपासच्या पलीकडे शेतं मोडून आमची वसाहत झाली. घरं उभी राहिली, नळ आले, पाणी तेवढं यायचं राहिलं. दुष्काळाची ती वर्षं आम्ही आठवड्यातून एकदा येणाऱ्या टँकरवर काढली. काका टँकरवाल्याकडूनही 'पाणी दिले' अशी सही घेत. करमाडचा तो माणूस वैतागून म्हणायचा, "काका, एका हातात पाइप हाय, दुसऱ्यात झाकण. सही काय पायानं करू?" काका शांतपणे पाइप स्वतःच्या हातात घेत आणि पेन पुढे करत. "वकीलसाहेब," ते मला सांगत, "ज्या अर्जाला नक्कल जोडलेली नाय, तो अर्ज नाय, नुसतं रडगाणं हाय."

त्यांना एकच मुलगी. काकू गेल्यापासून घरात दोघंच. मुलीला शाळकरी वयापासून एक आजार आहे. रोज गोळी घेतली की माणूस तुमच्या-माझ्यासारखं जगतो, असा. त्याचं नाव मी लिहीत नाही, आणि मुलीचंही नाही. या शहरात ते लिहिणारे पुष्कळ झाले.

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या संगणकातून रुग्णांची यादी फुटली. मोबाइलवरून फिरत फिरत ती फुलंब्रीला पोचली, जिथं मुलीची सोयरीक ठरत आली होती. आजाराचं ती स्वतः मुलाला सांगणार होती. तेवढी सवड तिला मिळाली नाही. तिकडून फोन आला, "सध्या राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका माझ्याकडे आले. "कायद्यात काय हाय ते सांगा. पोरीचं नाव लोकांच्या तोंडातून जायला पाहिजे, बस्स." मी वकिली थाटात सांगू लागलो. आधी दवाखान्याला लेखी विचारा, काय फुटलं आणि कसं. सायबर पोलिसांत तक्रार द्या. रुग्णाचं गुपित राखलं नाही म्हणून वैद्यक परिषदेकडे जा. सेवेत कसूर म्हणून ग्राहक आयोगात भरपाई मागा. माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदाही झालाय, पण त्याचं मंडळ अजून बसायचं होतं. काकांनी तिकडेही अर्ज धाडलाच. "बसल्यावर पहिला माझा निघंल," म्हणाले. पाच वाटा ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला की यातली एकही जवळची नाही, हे सांगणं माझ्या जिवावर आलं.

पाचही अर्ज त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिले आणि शहागंजात जाऊन नकला काढल्या. प्रत्येक अर्जाला पुरावा म्हणून यादीचं ते पान जोडलं, आणि साहेबांना शोधत बसावं लागू नये म्हणून मुलीच्या नावाखाली लाल शाईनं रेघ मारली. ते पान सीलबंद लिफाफ्यात द्या, नाव झाकायची विनंती करा, हे सांगणं माझं काम होतं. पण अर्ज नाझरकाकांनी लिहिलाय म्हटल्यावर मी तो उघडूनसुद्धा पाहिला नाही.

महिन्याभरानं एक हवालदार चौकशीला आला. नेमका टँकरचा दिवस. सगळी वसाहत हंडे-बादल्या घेऊन रांगेत. घर सापडेना, तेव्हा त्यानं हातातला कागद पाहून मुलीचं नाव मोठ्यानं वाचलं, आजाराचंही वाचलं, आणि विचारलं, "ह्या पेशंटचं घर कोणतं हो?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मुलगी रांगेत तिसरी उभी होती. तिच्या पुढच्या बाईनं आपली बादली जराशी बाजूला ओढून घेतली, एवढंच.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा मुलगी रडत नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "दवाखान्याच्या यादीत लई नावं होती, त्यात एक माझं. रेघ तुम्ही मारली."

मग काकांनी पाचही ठिकाणी अर्ज परत मागितले. दाखल झालेला कागद परत मिळत नाही, असं उत्तर आलं. नोकरीभर लोकांना हेच उत्तर त्यांनी स्वतः दिलं होतं. ग्राहक आयोगात मी तिचं नाव झाकून घेतलं. तारखा चालू आहेत. झाकायला आता उरलंय काय, हा विचार काही माझी पाठ सोडत नाही.

मुलीनं मात्र दवाखान्याची पायरीच सोडली. "मला आता कुठंच नाव लिहायचं नाय," एवढंच म्हणते. जुन्या चिठ्ठीवर औषध मिळेनासं झालं आणि गोळ्यांची शेवटची पट्टी निघाली.

परवा काका म्हणाले, "जरा सोबत चला." लांबच्या एका दवाखान्यात आम्ही गेलो. खिडकीवरच्या बाईनं पेशंटचं नाव विचारलं. काकांनी स्वतःचं सांगितलं. वयही स्वतःचंच. आजार विचारल्यावर मुलीचा सांगितला, स्वच्छ, मोठ्यानं, मागच्या रांगेला ऐकू जाईल असा.

"कधीपासून हाय?"

"नववीत असल्यापासून."

बाईनं त्यांच्या पांढऱ्या केसांकडे एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं. हे चुकीचं आहे, धोक्याचंही आहे, हे मला कळत होतं. पण माझ्याजवळ दुसरी वाट नव्हती. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो आणि आमचा नंबर यायची वाट पाहत राहिलो.