जावयाचे धोंडे आणि काकांची छत्री

दोन बोटांच्या फटीतून सूर्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "आहे ड्युटीवर." परतूरला आमच्या शेजारच्या काकांची सकाळ अशी सुरू व्हायची. एसटी डेपोतून निवृत्त झाल्यावर हजेरी घ्यायला त्यांच्याकडे सूर्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

टीव्हीची जुनी मोठी छत्री आणून तिला आतून आरशाचे तुकडे चिकटवले, ही त्यांची सूर्यचूल. "हरेक तुकडा आपलं ऊन एकाच जागी फेकतो. तिथं काळं पातेलं ठेवा. बिलकुल भट्टी!" फक्त सूर्य सरकेल तशी छत्रीही सरकवायची, नाहीतर भट्टी पातेलं सोडून शेजारी लागते. आणि ढग आला की भट्टीला सुट्टी.

काकूंचं मत वेगळं होतं. "गॅसवर चहा होऊन, पिऊन, कप धुऊन होतो, तवर यांचं पाणी विचारच करून राह्यलंय."

त्या वर्षी अधिक श्रावणात पावसाने दडी मारली. सगळा तालुका चिंतेत, काका तेवढे खूश. लेक-जावई धोंड्याच्या जेवणाला येणार होते आणि काकांनी जाहीर केलं, की धोंडे उन्हावरच वाफवायचे.

"वाफवा," काकू म्हणाल्या. "पण गडबड झाली, तर छत्री उद्याच भंगारात."

"मंजूर," काका म्हणाले.

छत्री सरकवायचं काम, गल्लीत इतके शहाणे लोक असताना, माझ्याकडे आलं. पातेल्यातून वाफ निघू लागली. मी भारावलो, मोबाइल काढला आणि रीलमध्ये आपला चेहरा उजळ दिसावा म्हणून छत्री जराशी ढकलली. नेमके तेव्हाच जावईबापू पातेल्याशेजारी वाकून विचारत होते, "मामा, यानं खरंच तापतं का?"

उत्तर त्यांच्या आहेराच्या कोऱ्या उपरण्याने दिलं. आधी धूर, मग भोक. ते झटकताना पातेलं कलंडलं आणि धोंडे मातीत गेले.

काका शांतपणे म्हणाले, "भाऊ, छत्री सूर्याकडं फिरवायची असते. तुमच्याकडं न्हाई."

जेवण गॅसवर झालं. दुसऱ्या दिवशी काकांनी शब्द पाळला. स्वतःच छत्री सोडवून भंगारवाल्यापुढे ठेवली. तो तोंड उघडणार, तेवढ्यात काकू बाहेर आल्या आणि असा भाव सांगितला, की त्या पैशांत नवा फ्रिज आला असता.

"चाची, ये तो टीव्ही की छतरी है!"

"मंग? आरसे दिसून न्हाई राह्यले तुला? परवडत न्हाई तर जा."

तो गेला. काका छत्री पुन्हा बसवू लागले. काकूंनी पाना आणून दिला नाही, फक्त तो कुठे आहे ते सांगितलं.

काका मागच्या उन्हाळ्यात गेले.

परवा सहज डोकावलो, तर अंगणात काकू एकट्याच छत्री सरकवत होत्या. चहाचं पाणी ठेवलेलं. मी मदतीला पुढे झालो.

"बसा तिथंच सावलीत," त्या म्हणाल्या. "हात लावू नका."

मी बसलो. पाणी काही केल्या उकळेना. आत गॅस होताच, पण आमच्यापैकी कोणीही त्याचं नाव काढलं नाही.