शालनताईंचं अडकणारं वायफाय

गुलटेकडीत शालन वाघमाऱ्यांना सगळे 'हातवाल्या ताई' म्हणतात, आणि ते खोटं नाही. बाईंचं तोंड उघडायच्या आत हात सुरू होतात. वडिलांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, तेव्हा घरात आधी हातांनीच बोलायची सवय. आता पन्नाशी उलटल्यावर तेच त्यांचं काम झालंय. ऐकू न येणारं माणूस डॉक्टरकडे गेलं, की शालनताई घरबसल्या लॅपटॉपवरून दोघांच्या मधे बसतात. डॉक्टरांचं बोलणं खुणांनी पोचवायचं, पेशंटच्या खुणा तोंडाने बोलून दाखवायच्या. पदरचं काही घालायचं नाही आणि ऐकलेलं कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. या दुसऱ्या नियमाच्या बाबतीत बाई इतक्या कडक, की बिनवायरचा हेडफोन कानाला लावल्याशिवाय काम सुरूच करत नाहीत. घर दोन खोल्यांचं, भिंती पातळ, आणि खिडकी गॅलरीतच उघडते. डॉक्टरांचा आवाज नवऱ्यालाही ऐकू जाता कामा नये.

पण गेला महिनाभर त्यांच्या जिवाला घोर लागला होता. लॅपटॉप जुना, तरी ठणठणीत. त्यावर त्यांनी स्वतः लिनक्स टाकलं होतं. फुकटची सिस्टिम, आतलं सगळं उघडं, ज्याला कळेल त्याने बघावं, दुरुस्त करावं. बाईंना त्याचा केवढा अभिमान! आणि आता ऐन कामात वायफाय दगा देत होतं. चित्र अडकायचं, पलीकडच्या पडद्यावर शालनताईंचा हात नुसता हवेत राहायचा. आवाज तुटला तर माणूस अंदाजाने जोडून घेतो. हातच दिसेनासा झाला तर काय जोडणार?

त्यात सोलापूरच्या दीपमालाची तारीख जवळ आलेली. दीपमालाला ऐकू येत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, आणि ते व्हावं म्हणून ती जीव टाकते. गर्भाशयात गाठ निघाली होती. नुसती गाठ काढायची की सगळी पिशवीच काढायची, हे त्या भेटीत ठरणार होतं. तिच्या गावात खुणांची भाषा जाणणारं कुणी नाही, म्हणून इस्पितळाने शालनताईंना लॅपटॉपवरून बोलावलं होतं. याआधीच्या दोन्ही भेटींत चित्र अडकलं, आणि दोन्ही वेळा दीपमालाने काय केलं? मान हलवली. समजलं, समजलं.

ती मान शालनताईंनी लहानपणापासून पाहिली होती. त्यांचे वडील पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते. रेशनवाला, कंडक्टर, साहेब, जो कोणी तोंड हलवील त्याच्यासमोर ते हसून मान हलवायचे. लोकांचा खोळंबा नको, आपल्यावर कुणी वैतागायला नको. एकदा हाताला जखम होऊन ती चिघळली. डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, वडिलांनी मान हलवली. चौथीतली शालन तेव्हा शाळेत होती. शुद्धीवर आले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. पुढे आयुष्यभर ते बोलायचे ते तीन बोटांनी, अडखळत. दुसरा काही उपाय होता का, हे घरात कुणालाच कधी कळलं नाही.

तेव्हा शालनताई हात धुऊन वायफायच्या मागे लागल्या. शोकेसमध्ये स्टीलच्या डब्यांआड ठेवलेला राउटर बाहेर काढून टेबलावर आणला. वीज वाचवण्यासाठी लॅपटॉप वायफायला मधूनमधून डुलकी घ्यायला लावतो असं वाचलं, ती सोय बंद केली. वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तोही नवा टाकला. राउटरची थेट वायर जोडावी तर लॅपटॉपला तसली खाचच नाही. मोबाइलवरून करावं तर एवढ्याशा चित्रात पलीकडची बोटं बाईंना दिसेनात.

"नवा घ्या की," नवरा संतोष म्हणाले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून टोमणे मारणं हेच त्यांचं पूर्णवेळ काम. "म्हणे उघडी सिस्टिम! उघडी आहे म्हणूनच वारं लागलं असेल."

"अहो, चेष्टा पुरे. माझा जीव टांगणीला लागलाय."

त्यांनी लिनक्सवाल्यांच्या एका फोरमवर आपलं गाऱ्हाणं मांडलं. एकाने 'आधी माहितीपान वाचा' म्हणून झटकलं. दुसरा बरा निघाला. त्याने विचारलं, 'ब्लूटूथ वापरता का? तुमच्या लॅपटॉपात दोन्ही एकाच चिपवर आहेत, एकमेकांच्या पायात येतात.' बाईंच्या डोळ्यांपुढे घरच्या चाचण्या होत्या. त्यांनी उत्तर दिलं, 'नाही.' खोटं नव्हतं ते. प्रत्येक उपायानंतर त्या दीपमालालाच व्हिडिओ लावून पाहत. दोघी तासतास हातांनी गप्पा मारत. चित्र कसं लोण्यासारखं चालायचं! एकदाही अडकलं नाही. मग कामाच्याच वेळी काय होतं? इस्पितळाचं नेट खराब म्हणावं, तर तिकडे बाकी सगळ्यांचं नीट चालत होतं. बाईंना आता स्वतःच्याच हातांची भीती वाटायला लागली.

भेटीच्या दिवशी सकाळी त्यांना चहाही गेला नाही. लॅपटॉप उघडला. इस्पितळातल्या पडद्यावर दीपमाला आली, एकटीच. डॉक्टर यायचे होते. दोघींनी बोलून घेतलं. चित्र स्वच्छ. दीपमालाच्या बोटातली अंगठीसुद्धा दिसत होती. 'भीती वाटते,' ती म्हणाली. 'मी आहे,' शालनताईंनी सांगितलं.

डॉक्टर आले, खुर्चीत बसले. शालनताईंनी हेडफोन कानाला लावला.

"हे बघा, गाठ बरीच मोठी आहे. पिशवी काढणं सगळ्यांत सोपं. नुसती गाठही काढता येईल, पण…"

शालनताईंचे हात सुरू झाले आणि पडद्यावरची दीपमाला थिजली. डोळे अर्धे मिटलेले, हात मांडीवर. कानात मात्र डॉक्टर बोलतच होते. रक्तस्राव, धोका, मग पिशवी काढूया का? चित्र एकदम हललं, आणि दीपमाला मान हलवत होती. होय, होय.

"ठीक, पेशंटची तयारी आहे," डॉक्टर म्हणाले.

आत्ता दोन मिनिटांपूर्वी सगळं नीट होतं. मग बदललं काय? डॉक्टर आले, आणि… शालनताईंचा हात कानाकडे गेला. दीपमालाशी गप्पा मारायला हेडफोन लागतोय कशाला? चाचणी सगळी बिनआवाजाची, काम मात्र आवाजाचं! ज्या ब्लूटूथच्या हेडफोनने पेशंटची गुपितं जपली, तोच वायफायच्या पायात येत होता. बाईंनी तो उपटून काढला, ब्लूटूथ बंद केलं.

"डॉक्टर, थांबा! त्यांना काहीच पोचलेलं नाही. मधे माझं चित्र अडकलं होतं."

"पण त्यांनी मान हलवली की," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आता लॅपटॉपमधून खणखणीत, घरभर घुमला. पलीकडे भाजी निवडत बसलेल्या संतोषनी वर पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. एक टोमणा न मारता ते उठले, खिडकी ओढून घेतली, दार लावलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने गॅलरीतून कुणाचा तरी आवाज आला, "ताई आहेत का घरात?"

"आहेत. तुमच्यासाठी नाहीत," संतोष म्हणाले.

"डॉक्टर, त्या मान कशालाही हलवतात," शालनताई म्हणाल्या. हे पदरचं होतं, नियमात बसणारं नव्हतं. "मेहेरबानी करून सगळं पहिल्यापासून सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पहिल्यापासून सांगितलं. या वेळी हात कुठे अडकले नाहीत. पिशवी काढली तर मूल होणार नाही, हे शालनताईंनी सांगितलं तेव्हा दीपमालाचा चेहरा पांढराफटक पडला. सवयीने तिची मान हलायला लागली होती, ती मधेच थांबली. मग तिने हात वर केले. शालनताईंनी तिचं बोलणं जसंच्या तसं मोठ्याने सांगितलं.

"त्या म्हणतायत, मला हे माहीत नव्हतं. मला मूल हवंय. नुसती गाठ काढायची म्हणजे धोका किती, ते पुन्हा सांगा."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. दीपमालाने विचारलं, परत विचारलं, कागदावर चित्र काढून मागितलं. शेवटी तिने बोटांनी दाखवलं, नुसती गाठ. आणि मान हलवली.

डॉक्टर त्या मानेकडे न बघता शालनताईंकडे बघत होते.

"हो डॉक्टर," शालनताई डोळे पुसत म्हणाल्या, "आता त्यांना समजलंय."