रविवारचा फुकटचा सायबर वर्ग

मावशी माझ्या वरच्या मजल्यावर राहते. धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर तिचं आयुष्य गेलं. विदर्भभरातून आलेल्या पेशंटांना, त्यांच्या घाबरलेल्या आणि चिडलेल्या नातेवाइकांना तिने तिथे वर्षानुवर्षं सांभाळलं. निवृत्त झाल्यावर मुलाने तिला स्मार्टफोन घेऊन दिला आणि तेव्हापासून माझ्या दाराची बेल वाजायला लागली.

"पाहा ना वं, हे खरं हाय का खोटं?" असं म्हणत ती फोन माझ्या नाकासमोर धरायची. कधी वीज कापणार असल्याचा मेसेज असायचा, कधी बँकेचं केवायसी, कधी न मागवलेलं पार्सल. एका कंपनीच्या कॉम्प्युटरांमध्ये बाहेरून कुणी घुसत नाही ना, हे पाहणं हे माझं रोजचं काम. बरीच वर्षं पुण्यात काढून मी नागपूरला परत आले होते आणि घरूनच काम करत होते. त्यामुळे मावशीच्या हिशेबाने मी दिवसभर रिकामीच होते.

हळूहळू तिच्या मैत्रिणीही यायला लागल्या. एकदा ऑफिसची मीटिंग चालू असताना मी सहज मागे पाहिलं, तर दिवाणावर ओळीने बायका बसलेल्या. प्रत्येकीच्या हातात फोन, आणि मावशी त्यांना दवाखान्यातल्यासारखी म्हणत होती, "आता थोडा वेळ थांबा, मॅडम बिझी आहेत."

मीटिंग संपल्यावर मी मावशीवर जरा वैतागलेच. ती शांतपणे म्हणाली, "मंग तू एकेकीले काहून सांगून राहिली? सगळ्याइले एकदाच बसव अन् शिकव."

खरं सांगायचं तर हे मला कधी सुचलंच नव्हतं.

आमचं घराणं विणकरांचं. आजोबांपर्यंत घरात माग चालला, पुढे कुणी बँकेत गेलं, कुणी शाळेत, मी कॉम्प्युटरमध्ये. पण समाजाचा हॉल वस्तीत अजून आहे. लग्नसराई सोडली तर तो रिकामाच असतो. मंडळींनी रविवारच्या सकाळी तो वापरायला दिला. मी बाहेर फलक लावला : 'मोफत सायबर सुरक्षा वर्ग. कुणीही यावे. वयाची, शिक्षणाची अट नाही.'

झालं असं, की हा फलक वाचून वस्तीला माझाच संशय आला. मावशीच्या भिशीतल्या बायका म्हणाल्या, आजकाल फुकट कोण शिकवते? काहीतरी लोचा असन. शेवटी विमा विकन, नाही तर आधार कार्ड मागन. मावशीने शपथा घातल्या तेव्हा त्या यायला तयार झाल्या, पण पर्समधलं सगळं घरी ठेवून.

पहिल्या रविवारी पुढच्या रांगेत एक काका बसले होते. कळमन्याच्या मार्केटात संत्र्यांची अडत करण्यात त्यांची हयात गेली होती. आता धंदा मुलाकडे होता आणि काका कंटाळले होते. मी नमस्कार करून बोलायला लागणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब पोरी. तू कोन आहे, हे आम्हाले कसं समजन?"

मी कंपनीचं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत केलं. "हे तं कोनीही छापून घेते. तुह्या कंपनीचा नंबर तू नोको देऊ. मी माह्या हातानं शोधतो."

आणि त्यांनी खरंच शेजारच्याकडून कंपनीची वेबसाइट काढून घेतली, तिथला नंबर फिरवला. रविवार असल्यामुळे कुणी उचलला नाही. मग त्यांनी हॉलच्या अध्यक्षांना फोन लावून मी कुणाची मुलगी हे विचारून घेतलं, आणि मगच म्हणाले, "हं. आता बोल."

मी हसतहसत सगळ्यांना सांगितलं, की आजचा धडा काकांनीच शिकवला. समोरच्याने दिलेल्या नंबरावर कधी खात्री करायची नाही, आपण स्वतः शोधलेल्या नंबरावर करायची. काका खूश झाले. पण माझं पुढचं सगळं फसलं. मी स्लाइड्स आणल्या होत्या. फिशिंग, मालवेअर, एन्क्रिप्शन. मागच्या रांगेतल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना ते पहिलीतलं वाटत होतं, आणि मावशीच्या मैत्रिणींना चिनी भाषा. पंख्याखाली दोन बायका चक्क झोपल्या. शेवटी टाळ्या पडल्या त्या बहुतेक वर्ग संपल्याबद्दल.

मी वायरी गुंडाळत होते तेव्हा एक मुलगी जवळ आली. पारशिवनीकडच्या एका खेड्यातली. वडील शेती करतात, ती नागपुरात खोली घेऊन बीएस्सी कॉम्प्युटर करत होती.

"मॅडम, राग नका मानू," ती म्हणाली. "पण मले हे नुसतं ऐकायचं नाही, करायचं आहे. चोर आत कसा येतो, ते पाहायचं आहे. शहरात क्लास आहेत, पण त्याची फी ऐकूनच मी फोन ठेवून देल्ला. अन् इंटरनेटवर सगळं इंग्रजीत."

मला माझीच कॉलेजातली गोष्ट आठवली. मीही सगळं असंच, इकडून तिकडून, अर्धवट इंग्रजीत शिकले होते. मी तिला म्हटलं, "पुढच्या रविवारी ये. काहीतरी करू."

पण काय करू, हे मला कळत नव्हतं. हिला सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं त्याच्या नोंदी, वाचायला शिकवायचे, तर मावशीला स्क्रीन लॉक. दोन वर्ग वेगळे करावेत, असं मी ठरवूनही टाकलं. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या दवाखान्यात पेशंटाले अन् डॉक्टरले वेगवेगळ्या बिल्डिंगीत बसवलं असतं तं झालं असतं काय?"

मग पुढच्या रविवारी मी प्रोजेक्टर घरीच ठेवला. हॉलमध्ये मधोमध दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या आणि सांगितलं, "एकाने चोर व्हायचं, दुसऱ्याने गिऱ्हाईक. चोराने फोनवर बोलून दुसऱ्याकडून ओटीपी काढून दाखवायचा. फोन खोटा, ओटीपी खोटा."

कुणी उठेना. शेवटी कळमन्याचे काका उठले. समोर पारशिवनीची मुलगी बसली. काकांनी घसा साफ केला, आणि असा आवाज बदलला म्हणता! एकदम सरकारी, थकलेला, जरा उपकार केल्यासारखा.

"मॅडम, वीज ऑफिसमधून बोलून राहिलो. तुमचं मागचं बिल अपडेट झालेलं नाही. सायंकाळी लाइन कापायला मानूस येऊन राहिला."

"मी बिल भरलं आहे," ती ठामपणे म्हणाली.

"भरलंच असन ना! तुम्ही शिकलेल्या दिसता. गलती आमच्याच सिस्टिमची आहे. म्हनून तं मी फोन केला, नाहीतर कोन करते? सकाळपासून लोक शिव्या देऊन राहिले मले. तुम्ही पहिल्या, ज्या नीट बोलल्या. एक फाइल पाठवतो, तेवढी उघडा. तुमचं काम करून मी जेवाले जातो."

"बरं, पाठवा," ती म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी तोंडावर हात ठेवून किंचाळली, "अग्गो बाई!"

हॉल डोक्यावर घेतला सगळ्यांनी. काका उभे राहून नमस्कार करत होते. म्हणाले, "गिऱ्हाईक भावावर नाही, बोलण्यावर पटते."

ती मुलगी हिरमुसली असेल असं मला वाटलं. पण ती उठून सरळ फळ्याकडे गेली. "आता मी सांगते, मी ती फाइल उघडली तर पुढे काय झालं असतं," ती म्हणाली. तिने फळ्यावर मोबाइल काढला, त्यात ती फाइल, आणि मेसेजच्या डब्याकडे जाणारा बाण. "ही फाइल म्हणजे खरं तं ॲप. ते पहिलेच विचारते, तुमचे मेसेज वाचू का? आपण घाईघाईत 'हो' दाबतो. मंग बँकेचा ओटीपी तुमच्याकडे येते तसाच त्याच्याकडेही जाते. तुम्ही तोंडानं सांगायची गरजच नाही."

ज्या बायका आधीच्या रविवारी झोपल्या होत्या, त्या आता पुढे सरकून बसल्या. एकीने विचारलं, "मंग मी मागं कशाकशाले 'हो' म्हनलं असन?" आणि मग तासभर सगळा हॉल आपापल्या फोनची सेटिंग्ज उघडून बसला. मागची इंजिनिअरिंगची पोरं रांगांमधून फिरत एकेका ॲपच्या परवानग्या काढून टाकत होती. टॉर्चच्या एका ॲपला कुणाच्या तरी सगळ्या नातेवाइकांचे नंबर वाचायची मुभा होती. "मेल्याले उजेड पाडाले आणलं होतं, पत्ते वाचाले नाही," त्या बाई रागाने म्हणाल्या.

वर्ग त्या दिवशी वर्ग झाला. पुढे दर रविवारी आधी नाटक, मग त्यामागचं तंत्र, आणि शेवटी ज्यांना खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी जुने लॅपटॉप. ते लॅपटॉप माझ्या ओळखीच्या लोकांनी अडगळीतून काढून दिले होते. त्यांवर आम्ही फुकटात मिळणारी सिस्टिम टाकली, त्यांचं आपसात छोटं जाळं जोडलं, आणि पोरं आपल्याच जाळ्यावर हल्ला करून पाहायची. मी रात्रंदिवस मराठीत टिपणं लिहायला लागले, आणि ती कुणालाही उतरवून घेता येतील अशी इंटरनेटवर ठेवली.

एका रविवारी काका बाजारातून संत्र्यांची पेटी घेऊन आले होते आणि ती वाटणं चालू होतं. तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. अनोळखी नंबर. तिने सवयीने उचलला. पडद्यावर खाकी कपड्यातला माणूस, मागे झेंडा, टेबलावर फायली.

"तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये बेकायदेशीर वस्तू सापडल्या आहेत," तो हिंदीत गरजला. "तुम्ही आता अटकेत आहात. फोन बंद करायचा नाही. कुणाशी बोलायचं नाही."

मी मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती खरोखर घाबरली होती. गेल्या महिन्यात आम्ही याच प्रसंगाचं नाटक केलं होतं, त्यात हीच पोलीस झाली होती, आणि तरी तिने फोन कापला नाही. मी उठणार, तेवढ्यात काकांनी मला डोळ्यांनी बसवलं आणि तिच्यासमोर, कॅमेऱ्यात दिसणार नाही असे, जाऊन उभे राहिले. नुसते 'खोटं आहे' अशी मान हलवत राहिले.

मावशीने एक लांब श्वास घेतला. आणि मग तिच्या तोंडून जो आवाज आला, तो मी धंतोलीतल्या त्या काउंटरवर लहानपणी ऐकला होता. मऊ, गोड आणि एक इंचही न हलणारा.

"हां जी, समझ गयी. आपका नाम? किस डिपार्टमेंट से? पहले अपॉइंटमेंट लिया था?"

"मैं पुलिस हूँ!" तो ओरडला.

"जी, सब अर्जंट ही रहते हैं. आवाज़ नीची रखिए, यहाँ पेशंट हैं. साहब राउंड पर हैं. आप उधर बैठिए, नाम पुकारेंगे तब आइए."

तो माणूस क्षणभर पडद्यावर तसाच थिजला. बहुतेक त्याला सवयीने बसावंसंही वाटलं असेल. मग त्याने एक शिवी दिली आणि फोन कापला.

त्यानंतर हॉलमध्ये असा हशा उसळला, की रस्त्यावरून जाणाऱ्यांनीही खिडकीतून डोकावून पाहिलं. मावशी मात्र खाली बसली, पाणी प्यायली. काकांनी एक संत्रं सोलून तिच्या हातात ठेवलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी घरी एकटी असती तं?"

कुणी तिला, 'छे, तुला काही झालं नसतं,' असं म्हणालं नाही. त्याच दिवशी आम्ही ठरवलं, की वर्गातल्या प्रत्येकाची एक जोडी असेल. असा फोन आला, की कापायचा आणि आधी जोडीदाराला लावायचा, काहीही विचार न करता. मग पारशिवनीच्या मुलीने सगळ्यांसमोर, एकेक पायरी सांगत, मावशीकडूनच त्या नंबराची सरकारी साइटवर तक्रार नोंदवून घेतली. मावशीने जोडीदार म्हणून काकांना निवडलं. काकांनी तिला लगेच फोन करून पाहिला, चालतो की नाही म्हणून.

वर्ष पालटलं. पारशिवनीच्या मुलीला एका कंपनीत नोकरी लागली, सर्व्हरवर नजर ठेवायची, माझ्यासारखीच. मुलाखतीत तिला सरावाचं जाळं कसं उभं केलं ते विचारलं, आणि तिने जुन्या लॅपटॉपची सगळी गोष्ट सांगितली. पहिल्या सुट्टीत ती गावी गेली आणि तिथे समाजमंदिरात तिने वर्ग सुरू केला. मला म्हणाली, "ताई, एकदा पाहाले या ना." मॅडमची मी ताई कधी झाले, ते कळलंच नाही.

मी सकाळच्या एसटीने गेले. पोचेपर्यंत वर्ग सुरू झाला होता. सतरंजीवर बाया, म्हातारे, शाळकरी पोरं दाटीवाटीने बसलेली. ती उभी राहून वऱ्हाडीत शिकवत होती, आणि माझ्या टिपणांतल्या ज्या वाक्यांवर मी खूप मेहनत घेतली होती, त्यांतलं एकही ती वापरत नव्हती. तिला त्यांची गरज नव्हती. तिने मला दारात पाहिलं, हसली, पण थांबली नाही. मी मागे जाऊन बसले.

शेजारच्या बाईने माझ्याकडे निरखून पाहिलं. कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर चष्म्याची डबी.

"नवीन हाय का वं बाई?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"भिऊ नोको. मले बी पहिले काही समजे नाही. आन तुहा मोबाइल. मी सांगतो तुले, पासवर्डवर दुसरं कुलूप कसं लावाचं ते."

मी फोन उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही. "दुसऱ्याच्या फोनले मी नाही हात लावाची," त्या म्हणाल्या. "बोट तुहंच पायजे. हं, दाब तिथं."

मी दाबलं.