गिरणी म्हणजे उद्योग नव्हे म्हणे

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आमच्या कॉलेजात उद्योजकता शिबिर होतं. हॉलमध्ये सगळ्यांना एक फॉर्म दिला. त्यात एक प्रश्न होता : घरात कुणी उद्योजक आहे का? मी लिहिलं, आई. पुंडलिकनगरात पिठाची गिरणी चालवते.

फॉर्म गोळा करणाऱ्या सरांनी उभ्या उभ्या माझं उत्तर लाल पेनानं खोडलं आणि 'नाही' लिहिलं. "गिरणी म्हणजे उद्योग नव्हे," ते म्हणाले. मागची पोरं हसली.

मी उठून उभी राहिले. "सर, पट्टा तुटला की आईच जोडते. दगड झिजून गुळगुळीत झाला की छिन्नीनं टाकीसुद्धा स्वतः लावते. मोटार जळाली त्या दिवशीही तिनं एकही गिऱ्हाईक दुसरीकडं जाऊ दिलं नाही. मग तिला काय म्हणायचं?"

"खाली बस. पाहुणे खोळंबलेत."

पाहुणे म्हणजे एका कारखानदाराचा मुलगा. धोका पत्करा, म्हणाला. तो पहिल्यांदा आपटला तेव्हा वडिलांनी दुसरं शेड उभं करून दिलं, हेही त्यानं हसत सांगितलं. त्यावर टाळ्या! आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या घरी एकदाही आपटायची सोय नव्हती, आणि आमच्यात हिंमत नाही म्हणून सर वर्षभर आम्हालाच बोलायचे. तो हॉल आठवला की माझी कानशिलं अजून तापतात.

घरी येऊन तावातावानं सगळं सांगितलं. आई चाळणी झटकत होती. भुवयांपर्यंत पीठ. म्हणाली, "बरोबरच हाय त्यांचं. सगळ्या कागदांवर मी गृहिणीच हाय. तू नको या पिठात पडू. कंपनीत लाग."

सरांचा आला नव्हता एवढा राग मला आईचा आला. अठरा वर्षं एकटीनं गिरणी ओढणाऱ्या बाईलाही लोकांनी हेच पटवून दिलं होतं!

वाळूजच्या एका कंपनीत मी सात महिने काढले. मग राजीनामा दिला आणि गिरण्या दुरुस्त करायचं काम सुरू केलं. आई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी छावणी भागातून एका गिरणीवाल्याचा फोन आला. माझा नंबर त्याला आईनंच दिला होता.

मी पोचले तर तो माझ्या मागं बघायला लागला. "मिस्तरी किधर है?"

"मैंच हूँ," म्हटलं. "मोटार बंद करो." आणि पिशवीतून पाना काढला.