कडेचा अंधार

जगात कुठे काय बिघडलं आणि त्यात दोष कुणाचा, याचा निकाल माझा मेहुणा बसल्या जागी देतो. आजवर तो फारसा चुकला नाही. चुकला तो स्वतःच्या डोळ्यांच्या बाबतीत, आणि त्या एका चुकीपायी त्याची नजर आता कडेकडेनं विझत चालली आहे.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. वय चव्वेचाळीस. सौंदडला स्टेशनच्या वाटेवर त्याचं खताबियाण्यांचं दुकान आहे, गावाबाहेर धानाची शेती आहे, आणि दुकानामागच्या खोलीत, युरियाच्या थप्पीला लागून, एक भलामोठा संगणक आहे. त्यावर तो खेळ खेळतो. पोरं मोबाईलवर अंगठे झिजवतात तसले नव्हेत. महिनोन्‌महिने चालणारे, ज्यांत डोंगर असतात, राज्यं असतात. गिऱ्हाईक आलं की आतून आवाज येतो, "बसा काका, घोडा नदीत आहे." जुनं गिऱ्हाईक बसून तंबाखू मळतं. नवं असेल तर बाहेर जाऊन घोडा शोधतं.

खेळांबद्दलची त्याची मतं धानाच्या भावासारखी रोज बदलत नाहीत. पहिलं मत, खेळाला शेवट पाहिजे. "ज्याले शेवट नाही तो खेळ नोहे भाऊजी, नौकरी होय." दुसऱ्याचा खेळ तासन्‌तास बघत बसणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग. "दुसरा जेवून राहिला अन् हे ढेकर देऊन राहिले." खेळताना शिव्या देणाऱ्यांना तो कानाला लावलेल्या माईकमधून शांतपणे विचारतो, "बाप घरी आहे काय? फोन दे त्याले." पण त्याचा खरा संताप एक्सपान्शनवर. मूळ खेळ विकून झाल्यावर कंपनी त्याला नवा मुलूख, नवी कामं जोडून जो वाढीव भाग विकते, तो म्हणजे एक्सपान्शन. घरात सून येणार म्हणून एक खोली वाढवावी, तसा तो असावा असं त्याचं म्हणणं. "पण हे लोक काय करून राहिले? पेपर कोरा, अन् पुरवणीवर पुरवणी!" हे सगळं तो मला सांगतो, कारण मी मधे बोलत नाही. मला त्यातलं काही कळत नाही, हे त्यानं कधीच मनावर घेतलं नाही.

नियम मात्र त्याचे आपल्या गावचे. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, म्हणून त्या दिवशी तो खेळातल्या घोड्यावरही बसत नाही. एका पोळ्याला चौघांच्या टोळीनं मिळून किल्ला घ्यायचा होता. बाकीचे तिघे कुठल्या कुठल्या शहरांतले. ते घोडे उडवत वेशीशी पोचले आणि हा आपला मैदानातून पायी चाललेला.

"अंकल, घोडा कहाँ है?"

"आज पोळा है. जनावर को काम नहीं बताते."

"अरे, गेम में कौन सा पोळा?"

"गेम में नहीं, सौंदड में है."

किल्ला गेला, आणि टोळीनं यालाही काढून टाकलं. वाईट वाटलं असणार; पण बोलला एवढंच, "या लोकायच्या दारात कधी बैल नसन बांधला."

मग त्याच्या आवडत्या खेळाची नवी पुरवणी आली, आणि त्याचा पारा चढला तो उतरेच ना. म्हणे कंपनीनं पडद्याच्या कडेला अंधार करून ठेवला आहे. उजवीकडून शत्रू येतो तो थेट अंगावर आल्यावरच दिसतो. "काऊन केलं असन असं? आळस, दुसरं काय! कडेची चित्रं काढायचा कंटाळा." त्यानं पडदा बदलला, उजेड वाढवला, आणि शेवटी कंपनीच्या पानावर सगळ्यांना दिसेल असा खरमरीत शेरा लिहिला. कित्येकांनी खाली लिहिलं की आम्हाला तर स्वच्छ दिसतं. त्यांना त्यानं कंपनीचे चमचे ठरवलं. यात उन्हाळा गेला, रोवणी झाली, धान कापणीला आला.

दोष सापडला तो माझ्या बायकोला. भाऊ आमच्याकडे जेवायला आला होता. तिनं त्याच्या उजव्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला आणि हा पाणी मागतच राहिला. "अरे, ठेवला ना तुझ्याजवळ!" ती म्हणाली. "अंधारात ठेवते अन् मग बोलते," हा म्हणाला. तेव्हा भर दुपार होती.

गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी त्याला घेऊन गेलो. तिथे एक तपासणी असते. एका गोलात तोंड घालून समोर बघत राहायचं, आणि आजूबाजूला उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मेहुणा बटण दाबण्यात सगळी हयात घालवलेला माणूस. बाहेर आला तो खुशीत. "सोपा होता, भाऊजी. एकही ठिपका सुटला नाही."

मी आकड्यांवर भरवसा ठेवणारा माणूस, पण तो कागद माझ्या हातात आला तेव्हा आकडे वाचायची गरजच पडली नाही. उजव्या डोळ्याच्या चित्रात निम्म्याहून जास्त भाग काळा होता, डाव्याच्याही चित्रात उजवी कड काळवंडली होती. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी जितकं टिकेल तितकं टिकवायचं. मेहुण्यानं त्या काळ्या भागावर बोट ठेवलं.

"इथं होते काय ठिपके?"

"होते."

"चमकले?"

"चमकले असतील."

परतीच्या वाटेवर तो एकाही गोष्टीचा दोष कुणाला देईना. मला ते सहन होईना. दुकानात पोचल्यावर त्यानं आधी तो जुना शेरा पुसला आणि तिथे लिहिलं, "अंधार माझा होता. खेळ चांगला आहे." खाली कुणीतरी हसल्याची चित्रं टाकली. यानं संगणक बंद केला आणि डोळ्यांत थेंब घातले.

आता तो लढाया करत नाही. नजर आहे तोवर खेळातला सगळा मुलूख एकदा हिंडून पाहायचा, असं त्यानं ठरवलं आहे. रविवारी मी जातो आणि त्याच्या उजवीकडे खुर्ची टाकून बसतो. कडेला काय आहे ते मी सांगायचं, एवढंच माझं काम. दगड असेल तर दगड, पूल असेल तर पूल. नसलेलं मी सांगत नाही, हे त्याला ठाऊक आहे. परवा एका उतारावर मी म्हटलं, "झाड आहे."

"कोणतं?"

मला काय ठाऊक, परदेशातल्या कुणीतरी मनानं काढलेलं झाड! पण तो थांबून राहिला होता. मी म्हटलं, "मोहासारखं दिसतं."

तो हसला. "मोह कुठचा आला तिथं?" मग त्यानं हळूहळू सगळं रान फिरवत झाड बरोबर मधोमध आणलं, जिथे अजून उजेड आहे तिथे, आणि बराच वेळ पाहत बसला.

"मोह नोहे, भाऊजी," तो म्हणाला. "पण राहू द्या. तुमी मोहच म्हणा."