दुर्बिणीची बंदूक दाजींना

आमच्या टीमनं आजवर जिंकलेल्या ट्रॉफ्या माझ्या कॅफेच्या काउंटरवर, थर्मासच्या बाजूला मावतात. किस्से ठेवायचे म्हटले तर कॅफे रिकामा करावा लागेल! चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "ताई, ते डाळीचं सांगा ना." मग एकातून एक निघत जातं, आणि माझं डोकं नव्यानं फिरतं.

मी नांदेडला गेमिंग कॅफे चालवते आणि या टीमची मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे चार्जर, पासपोर्ट आणि शेंगदाण्याची चटणी सांभाळणारी बाई! खेळ कॉम्प्युटरवरचा, बंदुकांचा, पाच विरुद्ध पाच. याची परदेशात मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. तिथं जायच्या लायकीचा आमच्याकडं एकच पोरगा होता, आमचा कॅप्टन बालाजी. लातूरचा. असला नेम मी दुसऱ्या कुणाचा बघितला न्हाई.

त्याचे वडील रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी माझ्यासमोर पोराला अट घातली होती, "तिकडं जाऊन एक मॅच जिंकून दाखव. जिंकलास तर आयुष्यभर खेळ, मी तोंड उघडणार न्हाई. न्हाई जिंकलास तर आल्या-आल्या आपलं खताचं दुकान सांभाळायचं."

बालाजीला खताच्या वासानंच मळमळायचं. एवढं लक्षात ठेवा. बाकी सगळा तमाशा आहे.

*

पहिलं भांडण जर्सीवरून. टीममध्ये तिघं नांदेड जिल्ह्याचे, दोघं लातूरचे. आता या दोन जिल्ह्यांचं कशावरून पटलंय सांगा! शेवटी मी तोडगा काढला. पुढं नांदेड, पाठीवर लातूर. झालं, मिटलं.

पहिल्याच लाइव्ह मॅचला लक्षात आलं की खेळाडू खुर्चीत बसतात आणि कॅमेरा समोरून असतो. सगळं लातूर खुर्चीला टेकलेलं! फोनवर फोन आले. दुसऱ्या दिवशी बघते तर बालाजी जर्सी उलटी घालून बसलेला, पाठ पुढं, कॉलर गळ्याशी आवळलेली, डोळे बाहेर आलेले.

"अरे, श्वास तरी घेता येतोय का?"

"न्हाई ताई. पण जिल्हा दिसून राहिला!"

*

मग स्पॉन्सर. जळकोटचे एक डाळमिलवाले शेटजी तयार झाले. अट एकच. समोरचा एक मारला की मारणाऱ्यानं माइकवर त्यांच्या तूरडाळीचं नाव घ्यायचं, आणि पुढं "शिजायला लवकर, चवीला भारी" हे पूर्ण म्हणायचं. मी म्हणाले, "शेटजी, तेवढ्यात दुसरा येऊन आपल्याला मारतो." ते म्हणाले, "बघू की."

पहिल्याच मॅचला आमच्या पोरानं एक टिपला आणि इमानदारीत सुरू झाला. "शिजायला लवकर" इथपर्यंत पोचला आणि खलास! असं चार वेळा झालं. मी चिडून शेटजींना फोन लावला. ते म्हणतात, "मेला तर मेला हो. नाव घेऊन मेला का न्हाई?"

*

उमरीला सत्कार झाला. कशाचा? कशाचाच नाही! अजून परदेशी जायची क्वालिफायर खेळायची होती. पण चौकात बॅनर, "आमचे जगज्जेते". पोरांना फेटे बांधले, फोटोसाठी फेट्यावरून हेडफोन चढवायला लावले. एक हेडफोन तिथंच तुटला.

नेते तासभर बोलले. या पोरांनी मराठवाड्याचं नाव साता समुद्रापार नेलं वगैरे. मला राहवेना. मी हळूच म्हणाले, "साहेब, यांची मॅच पुढच्या हप्त्यात आहे."

ते तितकंच हळू म्हणाले, "म्हणून तर आज. हरल्यावर सत्काराला कोण येतंय बाई?"

मला राजकारणातला एवढा प्रामाणिक माणूस पुन्हा भेटला नाही.

*

आता दाजी. आमचा पाचवा खेळाडू ऐनवेळी डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या बॅचला बसला. लातूरमध्ये याला कुणी अडवू शकत नाही. नवा कुठून आणायचा? बालाजीची आई म्हणाली, "बाहेरचं कामून बघता? घरात दाजी हायत की. मोबाइलवर लई खेळतात."

दाजी म्हणजे विश्वनाथराव, बालाजीच्या थोरल्या बहिणीचे नवरे. उदगीरला कापडाचं दुकान. पोट पुढं, मान वर. नाही म्हणावं तर बहिणीला सासरी ऐकून घ्यावं लागणार. मग घेतलं.

या खेळात दर राऊंडला बंदुका नव्यानं घ्याव्या लागतात. दुर्बिणीची भारी बंदूक टीमला एखादीच परवडते, आणि जगभर ती ज्याचा नेम चांगला त्याला देतात. आमच्याकडं ती जावयाला!

मी बालाजीला बाजूला घेऊन झापलं. "डोंबलाचा मान! त्यांना भिंत समोर असून लागत न्हाई. बंदूक तू घे."

तो कळवळून म्हणाला, "ताई, दाजींच्या हातात साधं पिस्तूल दिसलं आणि आईनं लाइव्ह बघितलं तर मला जेवायला कोण वाढंल?"

*

बंदूक एक वेळ चालली असती. पण कॅप्टननं हुकूम द्यायचा असतो, आणि दाजींना हुकूम कोण देणार?

बाकीच्यांना बालाजी ओरडायचा, "डावीकडं! बस! मार!" दाजींची पाळी आली की, "दाजी, तुम्हाला जमत असंल तर जरा डावीकडच्या दारापाशी येता का, म्हंजे..." तोवर दाजी वर गेलेले असायचे. मेल्यावर हेडफोन काढून म्हणायचे, "आधी सांगायचं ना."

आणि स्वतःहून जागचे हलायचे नाहीत. म्हणायचे, "आम्ही आपणहून पुढं जात नसतो. कुणी न्यायला आलं तर बघू."

*

गंमत म्हणजे हैदराबादला क्वालिफायर आम्ही याच्याच जोरावर जिंकलो. दाजी एका कोपऱ्यात बंदूक धरून मॅचभर उभे. समोरच्या टीमला वाटलं, नक्की काहीतरी सापळा आहे. ते त्या बाजूला फिरकलेच नाहीत, सगळे दुसऱ्या दारानं आले आणि बालाजीनं ते टिपले.

मॅच झाल्यावर त्यांचे कोच माझ्याकडं आले. आदबीनं विचारलं, "मॅडम, तो कोपऱ्यातला प्लॅन काय होता?"

मी काय सांगणार? म्हणाले, "तो प्लॅन नाही हो. तो जावई आहे."

*

अशी ही वरात परदेशात पोचली. केवढं स्टेडियम, केवढे पडदे, हजारो लोक! आणि आमचे दाजी विचारतात, "इथं नाश्त्याला मुरमुऱ्याचा सुशीला मिळंल का?"

मॅच भलतीच रंगली. बालाजी जीव तोडून खेळत होता. खताचं दुकान त्याच्या मानगुटीवर बसलेलं मला लांबून दिसत होतं. आम्ही एका राऊंडनं मागं. चालू राऊंड जिंकला तरच बरोबरी. आमचे दोघं उरले, बालाजी आणि दाजी. समोर एक. आणि दाजी बरोबर बालाजीच्या आणि त्याच्या मधे उभे!

बालाजीचा बांध फुटला.

"ए विश्वनाथ! बस की खाली!"

दाजी इतके दचकले की बसलेच. त्यांच्या डोक्यावरून बालाजीची गोळी गेली आणि बरोबरी झाली. स्टेडियम उठून नाचायला लागलं.

दाजींनी हेडफोन काढला. हाताची घडी घातली.

"आमचा मान न्हाई तिथं आम्ही खेळत नसतो."

शेवटचा राऊंड बाकी! मी मागं उभी राहून दातओठ खात होते. तेवढ्यात बालाजीनं टाइमआउट मागितला, खुर्चीवरून उठला आणि सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर वाकून दाजींच्या पाया पडला. "चुकलं दाजी."

कॉमेंटेटर इंग्रजीत किंचाळला की ही यांची प्राचीन युद्धपरंपरा आहे!

दाजी म्हणाले, "हं. असू दे." हेडफोन घातला. राऊंड सुरू झाला, आमच्या पोरांनी रीतसर ती बंदूक त्यांना दिली. दाजींनी ती एकदा बघितली आणि बालाजीच्या पुढ्यात टाकली.

"घे. आमच्याकडनं आहेर."

मग काय! बालाजीनं त्या बंदुकीनं एकट्यानं चौघं टिपले. मॅच आमची! मी रडले. मी सहसा रडत नाही.

पुढच्या मॅचला सपाटून हरलो, ते जाऊ द्या. पण त्या मॅचच्या टाइमआउटला समोरच्या टीमचा गोरा कॅप्टन उठला आणि आपल्या खेळाडूच्या पाया पडला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय!

*

परत आलो तो धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, वाण देतात. बालाजीच्या घरी तर पंगतीत जावई जे मागंल त्याला न्हाई म्हणायचं न्हाई, अशी रीत. मागच्या धोंड्याला दाजींनी फ्रिज मागितला होता. मिळाला.

मलाही बोलावलं होतं. गल्लीच्या तोंडाशी बॅनर. त्यावर दाजी बंदुकीसकट उभे, माणसापेक्षा मोठे. बालाजी खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत, तिसरा.

दाजी पाटावर. बालाजी वाढत होता. गुरुजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, मॅच बघितली होती. तरी त्यांनी हेडमास्तरी आवाजात विचारलं, "शेवटी मारलं ती बंदूक कुणाची होती?"

बालाजी थबकला. "दाजींची."

"मग जिंकलं कोण?"

मी बोलणार होते, तर बालाजीच्या आईनं माझ्या पानात तुपाची धार धरली. गुरुजींनी खिशातून खताच्या दुकानाची किल्ली काढली आणि पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली. बालाजीनं हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं. मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला म्हणून सांगू!

मग ते जावयाकडं वळले. आवाज एकदम मऊ. "बोला जावईबापू. यंदा काय मागता?"

दाजींनी तुपात बुडवलेला धोंडा सावकाश खाल्ला. बोटं चाटली. तांब्याशेजारची किल्ली उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"हीच द्या," ते म्हणाले. "अन् बालाजी, वरण वाढ."